बगळ्यांच्या बेटावरचे पाहुणे



परगावी मुक्काम करायचा म्हटला की खोली कशी, पाणी कसं, दिवाबत्तीची सोय काय, याची आपण आधी चौकशी करतो. पण जिथे पाहुण्यांना रात्री दिवे झाकून घ्यायला सांगतात, असंही एक ठिकाण आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात, ग्लॅडस्टन बंदरापासून सुमारे ८० किलोमीटर अंतरावर, मकरवृत्ताजवळ हेरॉन नावाचं एक चिमुकलं बेट आहे. हेरॉन म्हणजे बगळा. १८४३ साली ‘फ्लाय’ जहाजावरच्या मंडळींनी तिथले बगळे पाहून हे नाव दिलं.

बेटाची लांबी सुमारे ८०० मीटर आणि रुंदी ३०० मीटर. तासाभरात पायी प्रदक्षिणा पुरी होते. इथे आपल्या कोकणासारखा कातळ नाही. पोवळ्यांचा आणि शिंपल्यांचा चुरा लाटांनी एका जागी लोटला, तो साचत गेला आणि बेट तयार झालं. त्या वाळूला पाखरांच्या विष्ठेचं खत मिळालं, म्हणून पिसोनिया नावाच्या झाडांचं दाट रान उभं राहिलं. उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या ऑक्टोबरनंतर, नॉडी पक्षी हजारोंनी या झाडांवर घरटी बांधतात. दुसरा एक समुद्रपक्षी जमिनीत बीळ करून राहतो, आणि रात्रभर तान्ह्या मुलासारखा रडतो! म्हणून पाहुण्यांना कानांत घालायला बोळे देतात, बरं का. पाखरांना मात्र कोणी हाकलत नाही.

हे असं नेहमीच नव्हतं. १९२० नंतरच्या दशकात इथे कासवांच्या मांसाचं सूप डब्यांत भरण्याचा कारखाना होता. अंडी घालायला वर आलेली मादी उलथी करून ठेवली की तिला हलता येत नाही; मग पकडायला श्रम ते काय? पण हा धंदा टिकला नाही. १९३२ साली ख्रिश्चन पोल्सन यांनी त्याच जागी प्रवाशांसाठी विश्रामस्थान सुरू केलं. १९४३ साली बेटाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. ज्या कासवाला मारून पैसा मिळवायचा, त्याच कासवाला जिवंत पाहण्यासाठी आता माणसं पैसे मोजून येतात.

आता दिव्याचं कारण. हिरव्या कासवाची मादी रात्री वाळूत खड्डा करून एका वेळी शंभरावर अंडी घालते. वर येताना कोणी विजेरीचा झोत टाकला तर ती बिचकून, अंडी न घालताच परत फिरते. सुमारे दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात, तीही बहुधा रात्रीच. समुद्र कुठे आहे हे त्यांना कोण सांगणार? मागे झाडांचा काळोख आणि पुढे पाण्यावर आकाशाचा मंद उजेड. त्या उजेडाकडे ती धावतात. खिडकीतला दिवा त्याहून प्रखर असला, तर पिल्लं समुद्र सोडून घराकडे वळतात, आणि सकाळी उन्हाने किंवा पक्ष्यांच्या चोचीने मरतात. हजारांत एखादंच पिल्लू मोठं होतं असं मानतात. म्हणजे एक दिवा किती महाग पडतो पहा!

दिवा मालवणं तरी आपल्या हाती आहे. वाळूच्या उष्णतेचं तसं नाही. वाळू जास्त तापली की अंड्यांतून माद्याच अधिक निपजतात. त्याच प्रवाळरांगेच्या उत्तर भागातल्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या लहान कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आहेत, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आलं. हेरॉन दक्षिणेकडे आहे. तिथे नर अजून बरेच निपजतात, म्हणून या बेटाचं मोल अधिक.

मंडळी, हे सारं दूरचं समजू नका. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं येतात. पूर्वी त्यांची अंडी चोरीला जात. २००२ पासून ती कुंपणात जपली जाऊ लागली, आणि पिल्लं पाहायला येणारे पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरू लागले. शिक्षकांनी मुलांना तिथे जरूर न्यावं. मात्र रात्री किनाऱ्यावर विजेरी पेटवू नका असं सांगताना, ती का पेटवायची नाही, तेही समजावून द्यावं.