पुरात भिजलेल्या जनित्राची दोषचिकित्सा

दिनांक 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली. अशा पुरात भिजलेले पेट्रोलचे जनित्र सुरू होत नसल्यास दोष बहुधा ठिणगीच्या माथी मारला जातो. वस्तुतः तो प्रथम कार्बुरेटरच्या तळाशी शोधावा. पाणी पेट्रोलहून जड असल्याने तेथे साचते व जेटमधून इंधनाऐवजी तेच ओढले जाते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलात तर इथेनॉलही पाण्यासह विलग होऊन खाली बसते. म्हणून टाकीही रिकामी करणे अवश्य ठरते. वंगणतेल दुधाळ दिसल्यास ते बदलल्यावाचून दोरी ओढू नये. चाचणी मात्र उघड्यावरच घ्यावी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि घरातील पाणी उपसण्याच्या घाईत हेच विसरले जाते.