पिंजऱ्याबाहेरचा रोबोट

शेलूबाजार हे वाशिम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातलं चौफुलीचं गाव. अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून संभाजीनगरकडे जाणारा जुना महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. समृद्धी महामार्गावर चढण्या-उतरण्याची सोयही आता जवळच झाली आहे. इथे रोबोट बनवणारा कारखाना नाही. तरीही रोबोट बनवणाऱ्या कंपनीची सामाजिक जबाबदारी तपासायची असेल, तर चाकणच्या एमआयडीसीपेक्षा हे शिवार जास्त उपयोगाचं आहे, असं माझं मत आहे. सोयाबीन, तूर आणि कपाशीच्या या पट्ट्यात रोबोट येतो तो फवारणीचा ड्रोन होऊन. पोटाशी दहा लिटरची टाकी, खाली नोझल आणि उपग्रहाच्या खुणांवर आखून दिलेल्या रेषांनी आपला आपण फिरण्याची अक्कल. बांधावर त्याला कुणी रोबोट म्हणत नाही, पण तो रोबोटच आहे.

महाराष्ट्राला रोबोट नवे नाहीत. रणजित दाते आणि मंगेश काळे यांनी १९९० मध्ये पुण्यात ‘पारी’ ही स्वयंचलन आणि रोबोटिक्सची कंपनी काढली. आज ती विप्रो समूहात आहे. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या मोजणीनुसार जगातल्या कारखान्यांत आता ४० लाखांहून अधिक रोबोट काम करतात. भारतात एकट्या २०२३ मध्ये ८,५१० नवे बसले, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ५९ टक्के जास्त. यातले बरेचसे मोटारींच्या कारखान्यांत आहेत, आणि तिथल्या मोठ्या रोबोटभोवती जाळीचा पिंजरा असतो. पिंजऱ्याचं दार उघडलं की यंत्र जागच्या जागी थांबतं. धोका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे त्या जाळीनेच ठरवून दिलेलं असतं. कंपन्यांच्या शाश्वततेच्या अहवालांनाही अशीच एक जाळी असते. छतावर किती सौर पॅनेल बसले, किती पाणी पुन्हा वापरलं, किती झाडं लावली, कामावर किती महिला आहेत. फार तर जुने रोबोट परत घेऊन, दुरुस्त करून पुन्हा विकण्याची योजना. बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘सेबी’च्या नियमाने असा अहवाल द्यावाच लागतो. यातलं काही खोटं आहे असं नाही. पण या हिशेबाचा बहुतेक भाग कारखान्याच्या फाटकाशी संपतो, आणि शेतातल्या रोबोटचं काम सुरू होतं ते फाटकाबाहेर, जिथे पिंजरा नाही, वाऱ्याला कुंपण नाही आणि शेजारच्या धुऱ्यावर दुसऱ्याचं पीक उभं आहे.

हे यंत्र इथे का हवं, याचं उत्तर शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या पावसाळ्यात दिलं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तिथे २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, हवा दमट आणि उष्ण होती, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती, आणि जोरदार फवारा मारणारे स्वस्त पंप पाठीवर होते. अंगात साधा सदरा, तोंडाला फार तर दुपट्टा. ओळीतून पुढे चालणारा माणूस स्वतःच मारलेल्या तुषारातून चालत होता. सरकारने नंतर वाशिमसह पश्चिम विदर्भातल्या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. तोवर हंगामाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पाठीवरून पंप उतरवणारं कुठलंही यंत्र विदर्भात हवंच आहे, ही गोष्ट त्यानंतर वादाची राहिली नाही. वाद आहे तो पुढचा: पंप उतरला, पण विष कुठे गेलं?

पाठीवरच्या पंपाने एकराला साधारण दीडशे ते दोनशे लिटर पाणी लागतं, म्हणजे दहा-बारा पंप. ड्रोन तेच काम जेमतेम दहा लिटरमध्ये आणि दहाएक मिनिटांत उरकतो. पाण्याची ही बचत कंपन्यांच्या माहितीपत्रकात ठळक असते, आणि विहीर आटलेल्या शेतकऱ्याला ती पटतेही. मात्र एकरी औषधाची मात्रा तेवढीच ठेवून पाणी पंधरा-वीस पटींनी कमी केलं, की टाकीतलं द्रावण तितक्या पटींनी कडक होतं. ड्रोनचा थेंब बारीक असतो, तो पिकाच्या शेंड्यापासून दीड ते तीन मीटर उंचीवरून सुटतो, आणि पंख्यांचा खालचा झोत त्याला पिकात ढकलतो. या झोताने पानं उलटीपालटी होतात, तेव्हा पानामागे बसलेल्या पांढऱ्या माशीपर्यंत औषध पोचतं, हा त्याचा खरा गुण. पण वारा सुटला तर हाच बारीक, कडक थेंब शेजारच्या शेतात जातो. सोयाबीनमधलं तणनाशक शेजारच्या कपाशीवर गेलं तर पान आखडतं आणि भांडण थेट पंचनाम्यापर्यंत जातं. ज्याचं शेत सेंद्रिय प्रमाणपत्रात आहे, त्याचा तर आक्षेप पिकापेक्षा मोठा. शिवाय ड्रोनच्या फवारणीत सगळ्यांत मोठ्या धोक्यात पायलट नसतो, असतो तो टाकी भरणारा मदतनीस. कडक द्रावणाशी त्याचा हात दर दहा लिटरला येतो, आणि कंपनीच्या छायाचित्रात तो सहसा नसतो.

बॅटरीचंही असंच आहे. भरल्या टाकीने ड्रोन एका बॅटरीवर दहा-पंधरा मिनिटं उडतो, म्हणून दिवसभराच्या कामाला बॅटऱ्यांचे अनेक संच आणि सतत चार्जिंग लागतं. शेतातल्या फीडरची वीज पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. मग बांधावर जनरेटर ठेवायचा. धूर न सोडणारं म्हणून विकलेलं यंत्र दुपारभर पेट्रोलच्या जनरेटरवर पोसलं जातं. याचा अर्थ ड्रोन वाईट असा मुळीच नाही. ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्रापेक्षा त्याचं इंधन कमीच लागत असेल. पण हिशेब मांडायचा तर जनरेटरसकट मांडावा, एवढंच.

यावर निर्मात्यांचं पहिलं म्हणणं ठरलेलं असतं: आम्ही यंत्र विकतो, काय फवारायचं, किती वाऱ्यात फवारायचं, हे वापरणारा ठरवतो, औषधाची जबाबदारी औषध बनवणाऱ्याची आणि नियमांची सरकारची. यात तथ्य आहे. केंद्राने ड्रोनने कीटकनाशक फवारण्याची कार्यपद्धती डिसेंबर २०२१ मध्येच जाहीर केली आहे. पण थेंबाचा आकार नोझल ठरवतं, आणि नोझल निर्माता निवडतो. उंची, वेग आणि प्रवाह यांचं गणित त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये असतं. वारा ठरावीक वेगापुढे गेला की फवारा बंद, अशी अट यंत्रातच घालणं अशक्य नाही. पिंजऱ्याचं दार उघडलं की रोबोट थांबतो, ती अटही कधी काळी कुणीतरी मुद्दाम घातलेलीच आहे. सरकारी कागद आणि यंत्र यांच्यातली फट इथे स्वच्छ दिसते. १४ जून २०२२ ला गुरुग्रामच्या आयोटेकवर्ल्डच्या ‘अॅग्रीबॉट’ला देशातलं पहिलं टाइप सर्टिफिकेट मिळालं, तेव्हापासून अशी प्रमाणपत्रं दिली जातात. त्यांचा भर यंत्र सुरक्षित उडतं की नाही यावर असतो. शेजारच्या धुऱ्यावर काय पडतं, हा त्यांचा मुख्य विषय नाही.

दुसरा आक्षेप रोजगाराचा, आणि तो कंपनीकडून येत नाही, गावातून येतो. फवारणीची मजुरी हा पावसाळ्यातला रोख पैसा आहे. ड्रोन आला की तो गेला. विष पाठीवर वाहण्याचं काम टिकावं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण गेलेल्या मजुरीची जागा कोण भरणार, हा प्रश्न त्यामुळे हलका होत नाही. तिरुवनंतपुरमच्या ‘जेनरोबोटिक्स’ने २०१८ मध्ये मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ हा रोबोट आणला, तेव्हा पूर्वी गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारांनाच तो चालवण्याचं प्रशिक्षण दिलं. पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्र आणि सोपी बटणं, म्हणजे शाळा अर्धवट सुटलेल्या माणसालाही जमेल असा यंत्राचा चेहरा. ज्याच्या जिवावर जुनं काम चालत होतं त्याच्याच हाती नवं यंत्र, हे तिथे रचनेतच धरलं होतं. ड्रोनच्या बाबतीत नियम उलटे पडतात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे पायलटचं प्रमाणपत्र घ्यायला दहावी पास असावं लागतं. यवतमाळच्या पऱ्हाटीत जे पंप घेऊन उतरले होते, त्यांतले किती जण या अटीत बसले असते? हवाई सुरक्षेचा नियम कंपन्यांनी केलेला नाही, त्याचा दोष त्यांच्या माथी नको. पण मदतनीस, देखभाल, बॅटरीची देवाणघेवाण, टाकी भरणं अशी कामं पायलटभोवती तयार होतातच. त्यांचं प्रशिक्षण मराठीतून, गावात, दहावी नापासांसाठी देणं कंपनीच्या हातात आहे.

‘नमो ड्रोन दीदी’ योजनेने या चित्रात बचत गटांच्या महिला आणल्या. १,२६१ कोटींच्या या योजनेत १५,००० गटांना ड्रोन द्यायचे, किमतीच्या ८० टक्के, कमाल आठ लाखांपर्यंत अनुदान आणि १५ दिवसांचं प्रशिक्षण. ड्रोनसोबतच्या सामानाची यादी मन लावून वाचण्यासारखी आहे: जादा बॅटऱ्यांचे चार संच, जादा पाती, नोझल, पाण्याचा सामू मोजायचं उपकरण, आणि वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र. म्हणजे वारा मोजून मगच फवारायचं, हे ही यादी करणाऱ्याला पक्कं माहीत होतं. फरक इतकाच की हातातलं वारामापक पाहून काम थांबवायचं धैर्य त्या ताईने दाखवायचं, तेही शेतकरी घाई करत असताना, आभाळ भरून आलेलं असताना आणि एकरावर पैसे ठरलेले असताना. यंत्राने थांबवलं तर वाद होत नाही. ताईने थांबवलं तर गिऱ्हाईक जातं.

आता पैशांचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, आणि आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्या, असंही सांगितलं. कापडाच्या गिरणीसाठी हे योग्यच आहे. तिचं पाणी, धूर, कामगार सगळं तिच्याभोवतीच असतं. रोबोट बनवणाऱ्या कंपनीचा परिसर कोणता? जिथे तिची इमारत आहे तिथल्या शाळेला संगणक देऊन कायद्याचं समाधान होतं. पण तिच्या यंत्राचं बरंवाईट घडतं ते शेलूबाजारच्या शिवारात. वाशिम हा २०१८ पासून आकांक्षित जिल्हा आहे, आणि असा निधी यावा म्हणून सरकारच आवाहन करत असतं. तरी मला इथे दानाची मागणी करायची नाही. मदतनिसाला रबरी हातमोजे आणि मास्क देणं, द्रावण हाताळावं लागू नये अशी बंद नळीने भरणारी टाकी बनवणं, याला सामाजिक खर्चाच्या खात्यात टाकणं हीच मुळात चूक आहे. तो उत्पादनाचा खर्च आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार. शेतीचे ड्रोन बनवणाऱ्या अनेक कंपन्या छोट्या आणि नव्या आहेत. ना त्या दोन टक्क्यांच्या कायद्यात बसतात, ना सेबीच्या हजारांत. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली म्हणून त्यांना बाजार मिळाला. सुटे भाग अजूनही बाहेरून येतातच. त्यांच्यावर अहवालांचं ओझं टाकलं तर त्या बुडतील. मान्य. म्हणूनच अहवाल मागू नयेत, दुरुस्ती मागावी. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा मोबाइल आणि मोटारींच्या बरोबरीने शेतीची अवजारंही त्यात घेतली होती. पाती, मोटर आणि नोझल अकोल्यात किंवा मंगरूळपीरच्या दुकानात मिळावीत, सॉफ्टवेअरचं कुलूप स्थानिक कारागिराला उघडता यावं, यासाठी मोठी कंपनी असावी लागत नाही. ड्रोन दीदीच्या सामानात एक वर्षाची हमी आणि दोन वर्षांचा देखभाल करार आहे. हा करार संपल्यावर हंगामाच्या ऐन मध्यात मोटर जळाली, तर गटाने ती कुणाकडे न्यायची, हे त्या करारातच लिहून घेता येतं. बॅटरीचंही तसंच: बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे वापरलेली बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. काही शे वेळा चार्ज झाल्यावर ती फुगते, आणि फुगलेली लिथियम बॅटरी घरात ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. पहिल्या वाटपातल्या ड्रोनच्या बॅटऱ्या बदलायची वेळ आता येते आहे. त्या परत घेण्याचं सर्वांत जवळचं केंद्र कोणतं, हे ड्रोनच्या खोक्यावर मराठीत छापायला कंपनीला एक स्टिकर लागतो.