रांजणगावचा विंचू

रांजणगाव म्हटले की पुणेकराला महागणपती आठवतो. गाड्यांच्या नादी लागलेल्याला त्याआधी तिथली एमआयडीसी आठवते. नगर रस्त्यावर पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतला कारखाना आहे. २००९ साली तिथून लिनिया आणि ग्रँड पुंटो बाहेर पडल्या. पुढच्याच वर्षी लिनियात १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आले : टी-जेट, ११४ अश्वशक्ती. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याच जातीचे इंजिन १४५ अश्वशक्तीपर्यंत चढवून पुंटोत बसवले आणि विंचवाचे चिन्ह लावून ‘अबार्थ पुंटो’ बाजारात आणली. किंमत दिल्लीत ९.९५ लाख. त्या वेळी देशात बनणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही हॅचबॅकमध्ये एवढी ताकद नव्हती.

गिऱ्हाईक मात्र फिरकले नाही. अ‍ॅव्हरेज किती, विकायला काढली तर किती येतील, या दोन प्रश्नांवर आपल्याकडे गाडी पास-नापास होते आणि फियाट दोन्हींत मार खायची. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू होण्याआधीच कंपनीने इथल्या बाजारातून गाड्या आवरत्या घेतल्या. कारखाना चालू राहिला, पण त्यातून आता जीप बाहेर पडते. म्हणजे या गाड्या पोरक्या झाल्या त्या जन्मगावापासून तासा-दीड तासावर.

तरी पुण्यात त्या रोज ऑफिसला जाताना दिसतात. हायड्रॉलिक स्टिअरिंगचे वजन आणि खड्डा पचवणारे सस्पेन्शन सोडवत नाही, असे मालक सांगतात आणि ते खरे आहे. सिंहगड रस्त्याला एवढी मानवणारी गाडी त्या किमतीत दुसरी नव्हती, हे माझे मत. प्रश्न एवढाच की दहा-पंधरा वर्षांची टर्बो गाडी हाती आली, तर पैसा आधी कुठे घालायचा.

बहुतेकांचा हात आधी ‘रीमॅप’कडे जातो. इंजिनचा संगणक नव्याने लिहून घ्यायचा की पाच-पंचवीस अश्वशक्ती वाढते. माझ्या मते हे सगळ्यात शेवटचे काम आहे, आणि नाही केले तरी बिघडत नाही. कारण जुन्या गाडीची ताकद बहुधा गेलेली नसते, गळत असते. एक्झॉस्टच्या जोरावर टर्बोचे चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते आणि हवा दाबून इंटरकूलरमार्गे इंजिनात ढकलते. त्या वाटेवरच्या एखाद्या रबरी पाइपला बारीकशी चीर पडली, क्लिप सैल झाली, की पिकअप मेला. चांगला फिटर अशा वेळी इनटेकमध्ये धूर सोडतो. बंद इंजिनात, पाइपच्या खालच्या अंगाला, जिथे हातही पोचत नाही तिथून पांढरी रेघ निघते आणि ‘टर्बो गेला’ म्हणून सांगितलेला मोठा खर्च एका पाइपवर भागतो.

टर्बोचा खरा शत्रू जळलेले तेल. एक्सप्रेसवे उतरून आल्या आल्या चावी फिरवली की तापलेल्या बेअरिंगमधले तेल तिथेच करपते. चांगले सिंथेटिक तेल, पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच बदललेले, आणि बंद करण्यापूर्वी मिनिटभर आयडल. यात कौतुक करण्यासारखे काही नाही, म्हणूनच कुणी करत नाही.

टायमिंग बेल्टचे गणित वेगळे. गाडी किलोमीटर कमी फिरली असेल, पण रबर वर्षांनी म्हातारे होते. या १६ व्हॉल्व्हच्या इंजिनात पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग हिशेब गाडीच्या किमतीशी करावा लागतो. मागच्या मालकाकडे बिल नसेल तर पट्टा, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलावा, कारण उघडण्याची मजुरी तीच.

सुट्या भागांसाठी पुण्यातली नाना पेठ. टाटाच्या विस्टा आणि मान्झात ‘सफायर’ नावाने गेलेली पेट्रोल इंजिने याच फियाटच्या ‘फायर’ घराण्यातली, त्यामुळे काही किरकोळ माल तिथे मिळतो. पण भागाचा क्रमांक जुळवूनच घ्यावा. ‘बसतंय की साहेब’ यावर जाऊ नये. खास टी-जेटचे सामान युरोपातून मागवावे लागते. तिथे हेच इंजिन ग्रँड पुंटो, ब्राव्हो, अबार्थ ५०० मध्ये गेले; लिनिया तर मुळात तुर्कस्तानातली.

सुधारणा करायचीच तर टायर आणि ब्रेकपासून. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असा टायर पावसात वेताळ टेकडीच्या उतारावर धरत नाही. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट-४ चा किमान उत्कलनांक ताजेपणी २३० अंश, पाणी प्यायल्यावर १५५. कात्रज घाट उतरताना पेडल मऊ का पडले, याचे उत्तर बहुधा इथे असते. नवे ऑइल, बरे पॅड, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअप, मग अलाइनमेंट. एवढ्यावर गाडी इतकी बदलते की रीमॅपचा विषय आपोआप मागे पडतो.

कायदाही याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांचा रोख स्पष्ट आहे : कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. मोठा आवाज करणारा एक्झॉस्ट लावून चौकात पावती फाडून घेण्यापेक्षा ते पैसे कूलंटच्या पाइपांवर घालावेत. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. या गाड्या त्यासाठी घडवलेल्या नाहीत, म्हणून इंधनाच्या नळ्या आणि सील तपासणे आता सर्व्हिसिंगचाच भाग धरावा.

पहिल्या टी-जेटना पंधरा वर्षे झाली. खासगी गाडीची नोंदणी तिथे संपते. पुढची पाच वर्षे हवी तर संगम पुलाजवळच्या आरटीओत तपासणी, पर्यावरण कर आणि पुनर्नोंदणीचे शुल्क. हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून एकदम ५,००० रुपये झाले. त्या आकड्याला बिचकून काही जण गाडी भंगारात काढतात. टायमिंग बेल्टचे काम नुकतेच झालेली एखादी त्यात सापडली, तर कागदपत्रे पाहून उचलायला हरकत नाही.