जमिनीची पेढी आणि एक वैद्य

जमीन तारण ठेवून पैसा काढावा, हा विचार सतराव्या शतकांत इंग्लंडांतील वैद्य ह्यू चेंबर्लेन यांनीं हिरीरीनें मांडिला. अडलेल्या बाळंतिणीस सोडविणारा चिमटा त्यांच्या घराण्यापाशीं होता. मोरिसो या फ्रेंच वैद्याच्या प्रसूतिग्रंथाचें भाषांतर त्यांनीं १६७२ सालीं छापिलें, पण प्रस्तावनेंत युक्ति आपल्या घरीं आहे एवढेंच सांगितलें. ही गुप्तता आम्हांस रुचत नाहीं.

पुढें १६९० नंतर पेढीचीं पत्रकें निघालीं. वर्षास शंभर पौंड देणारी जमीन शंभर वर्षें गहाण दिली, तर तिच्यावर दहा हजार पौंड मिळावे, असा हिशेब त्यांच्या पक्षाकडून होई. बाजारांत ती सुमारें वीस वर्षांच्या उत्पन्नास, म्हणजे दोन हजारांस विके. नातवाच्या सुगीचें धान्य आज कणगींत कसें पडावें? १६९६ सालीं पार्लमेंटनें अशा पेढीस मान्यता दिली. पंचवीस लाखांवर पौंड हवे होते, जमले कांहीं हजार. चेंबर्लेन पुढें हॉलंडास गेले.

मिरजेकडे सातबाऱ्यावर विहिरीच्या कर्जाचे बोजे चढतांना आम्हीं पुष्कळ पाहिले. तारण भक्कम असे. पण हप्त्याच्या दिवशीं जमीन खिशांत घालून नेतां येत नसे. मुंबई इलाख्यांत १९३५ सालीं निघालेल्या जमीन गहाण बँकेनें म्हणूनच दीर्घ मुदतीचे रोखे विकून भांडवल उभारिलें, व कर्जही लांब हप्त्यांनीं दिलें.