पार्किंगचे चलान चुकीचे वाटले, तर आधी पैसे भरू नका



मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीला आलेल्या एका काकांच्या मोबाईलवर नंतर चलानाचा संदेश आला. नंबर त्यांचा, पण फोटोतली गाडी भलतीच. ‘या वयात कोर्टकचेरी कोण करणार?’ म्हणून त्यांनी ५०० रुपये भरले आणि मग आमच्याकडे आले. तोवर उशीर झाला होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० प्रमाणे दंड भरून प्रकरण मिटवले, की पुढची कारवाई तिथेच थांबते. साहजिकच आपले म्हणणे मांडायची जागाही उरत नाही.

आपल्यापैकी बरेच जण अशी तक्रार घेऊन नगर निगमात जातात. रस्त्यावरच्या गाडीचे चलान वाहतूक पोलीस करतात, तेव्हा दाद तिकडेच मागायची. निगमच्या पार्किंगमध्ये जादा पैसे घेतले असतील, तर मात्र पावती घेऊन निगमकडे जावे.

आधी आपली चूक आहे का, ते प्रामाणिकपणे पाहा. फूटपाथवर, बसथांब्याजवळ किंवा कुणाच्या फाटकासमोर गाडी लावायला २०१७ च्या वाहनचालन नियमांत मनाई आहे. नेहरू नगरात कार्यक्रमाच्या दिवशी आपणच शेजाऱ्यांची फाटके अडवतो, हेही खरे! कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा तीच चूक केल्यास १५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चूक असेल तर भरून मोकळे व्हा.

नसेल, तर ई-चलान परिवहनच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून चलान आणि फोटो उघडा. गाडीचा रंग, मॉडेल, नंबर, जागा, वेळ ताडून पाहा. त्याच दिवशी त्या जागेचे फोटो काढा. पार्किंगची पाटी आहे की नाही, तेही त्यात दिसू द्या. मग आरसीची प्रत जोडून तिथेच तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. चलानावरची मुदत चुकवू नका. प्रकरण आभासी न्यायालयात गेले असेल, तर दंड भरायचा की खटला लढवायचा, असे दोन पर्याय दिसतात. लढवायचा निवडला तर प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जाते, तिथे तारखेला हजर राहावे लागते.

व्हॉट्सॲपवर चलान म्हणून एखादी एपीके फाईल आली, तर ती मुळीच उघडू नका. बँकेचे खाते रिकामे करणाऱ्यांचा तो उद्योग आहे. आजी-आजोबांच्या फोनवर असे काही आलेले नाही ना, एवढे मुलांनी आज संध्याकाळीच पाहावे.