खिशातल्या अ‍ॅम्प्लिफायरची पारख

मोबाइल आणि हेडफोन यांच्यामध्ये जोडावयाचा खिशात मावणारा अ‍ॅम्प्लिफायर मिरकरवाडा बंदरातील गजबजाटात पारखू नये. होड्यांच्या इंजिनांची घरघर संगीतातील खर्ज झाकून टाकते. साहजिकच आवाज वाढविला जातो आणि जो अ‍ॅम्प्लिफायर मोठा वाजतो तोच सरस भासतो. अवघ्या एका डेसिबलचा फरकही कानाला ‘अधिक स्पष्टता’ वाटू शकतो.

म्हणून पारख शांत खोलीत करावी. एकच स्थिर स्वर वाजवून दोन्ही उपकरणांचे व्होल्टेज मीटरने मोजावे व समान करावे. नंतर कोणते उपकरण जोडले आहे हे न पाहता तंबोऱ्याची जवारी आणि डग्ग्याची घुमार ऐकावी. दहापैकी किमान नऊ वेळा अचूक ओळखता आले, तरच फरक खरा मानावा.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मानकानुसार प्रौढांनी 80 डेसिबल आवाज आठवड्यात 40 तास ऐकणे सुरक्षित आहे. 90 डेसिबलला ही मर्यादा 4 तासांवर येते. मंद आवाजातही तपशील ऐकविणारा अ‍ॅम्प्लिफायरच घेण्याजोगा होय.