जुनी गाडी मिसिंग करतेय? कार्बोरेटर बदलण्याआधी 'हे' तपासा. शे-दीडशेचं काम हजारावर जाणार नाही

छत्रपती संभाजीनगर : सकाळी दुधाचे कॅन लावून निघालेली गाडी चढाला झटके मारते, पिकअप घेत नाही, सिग्नलला सोडली की बंद पडते. गॅरेजवर नेली की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, 'कार्बोरेटर गेलाय'. कार्बोरेटर बदलला, हजाराच्या पुढे पैसे गेले आणि आठ दिवसांत गाडी पुन्हा तशीच. पैठण असो की सोयगाव, जुनी मोटरसायकल वापरणाऱ्या अनेकांचा हा अनुभव आहे. खरं तर मिसिंगचं कारण बऱ्याचदा प्लग, फिल्टर, पेट्रोलमधलं पाणी किंवा फाटलेलं रबर एवढंच असतं. ते घरच्या घरी ओळखता येतं.

वाळूजच्या कारखान्यात १९८५ पासून बजाजच्या दुचाकी तयार होतात. बॉक्सर, सीटी १००, प्लॅटिना या गाड्या आणि १९९४ मध्ये आलेली स्प्लेंडर आजही जिल्ह्यातल्या गावोगाव धावताना दिसतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. खालची माहिती त्याआधीच्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांसाठी आहे.

आधी बघा, मिसिंग 'कधी' करते?

इंजिनला चार गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा, वेळेवर पडणारी ठिणगी आणि कॉम्प्रेशन. यातलं नेमकं काय कमी पडतंय, ते गाडी स्वतःच सांगते.

- रेस सोडली की बंद पडते, पण वेगात बरी चालते : कार्बोरेटरचा पायलट जेट (लहान जेट) चोंदलेला किंवा टॅपेट घट्ट.
- हळू बरी चालते, पण जास्त रेस दिली की दम सोडते : पेट्रोल कमी येतंय, मेन जेटमध्ये कचरा आहे किंवा एअर फिल्टर भरलाय.
- गरम झाली की बंद पडते, वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा सुरू होते : कॉइल, सीडीआय किंवा पल्सर कॉइलवर संशय.
- पाऊस झाल्यावर किंवा गाडी धुतल्यावरच त्रास : प्लग कॅपमध्ये किंवा टाकीत पाणी.

टाकी आणि पेट्रोल

सुरुवात फुकटच्या तपासणीपासून करावी. चोक ओढलेला राहिलाय का ते बघावं. मग टाकीचं झाकण. त्याला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असतं. ते धुळीने बुजलं की टाकीत हवा जात नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी चार-पाच किलोमीटर चालून बंद पडली, झाकण उघडताच 'फुस्स' आवाज आला आणि लगेच सुरू झाली, तर दोष छिद्राचाच. कॉइल खराब असेल तर झाकण उघडून फरक पडत नाही, इंजिन गार व्हावं लागतं.

नंतर कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावं आणि पाच मिनिटं ठेवावं. तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर ते पाणी. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला बसतात आणि कार्बोरेटरमध्ये आधी तेच जातं. त्यामुळे पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवलेला बरा. दुकानातलं बाटलीतलं पेट्रोल नाइलाज असेल तरच घ्यावं, तेही गाळून.

प्लगचा रंग काय सांगतो?

प्लग गरम इंजिनमधून काढू नये. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे जातात. इंजिन गार झाल्यावर काढून टोक बघावं.

- बिस्किटासारखा तपकिरी : सगळं ठीक.
- कोरडा, काजळीसारखा काळा : पेट्रोल जास्त, हवा कमी. फिल्टर आणि चोक बघा.
- पांढराफटक : पेट्रोल कमी किंवा बाहेरची हवा ओढतेय. इंजिन तापतंय, दुर्लक्ष करू नका.
- तेलकट, ओला काळा : इंजिन ऑइल वर येतंय. रिंग किंवा व्हॉल्व्ह सील.

प्लगमधली फट गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावी, साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर. पल्सरसारख्या डीटीएस-आय गाडीत दोन प्लग असतात. एक बंद पडला तरी गाडी चालते, पण ओढत नाही आणि ॲव्हरेज पडतं. म्हणून दोन्ही तपासावेत. प्लग बसवताना आधी हाताने फिरवावा, मगच पाना लावावा.

ठिणगी बघायची तर प्लग कॅपमध्ये घालून त्याची धातूची बाजू इंजिनला टेकवावी आणि किक मारावी. निळी, कडक ठिणगी चांगली. पिवळसर, अधूनमधून पडणारी ठिणगी म्हणजे प्लग, कॅप किंवा कॉइल कमजोर. ही तपासणी सांडलेल्या पेट्रोलजवळ किंवा कार्बोरेटर उघडा असताना अजिबात करू नये.

फिल्टर आणि फाटलेलं रबर

कच्चा रस्ता, कापसाचे तंतू, मका काढणीची धूळ यामुळे आपल्याकडे फिल्टर लवकर भरतो. स्पंजचा फिल्टर धुऊन, वाळवून, हलकं ऑइल लावून बसवता येतो. कागदी फिल्टर धुवू नये, झटकून उपयोग झाला नाही तर बदलावा. फिल्टर काढून गाडी चालवणं तर नकोच. बारीक माती थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा खाते.

कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधलं रबर जुनं झालं की तडकतं. मग गाडी रेस सोडल्यावरही चढ्या आवाजात राहते किंवा आयडलिंग वर-खाली होतं. गाडी सुरू ठेवून त्या रबरावर साबणाचं पाणी थेंब-थेंब सोडावं. आवाज बदलला तर तिथून हवा ओढतेय. प्लग आणि कॅपवर पाणी उडू देऊ नये.

चोकची सोपी परीक्षा

गाडी पूर्ण गरम झाल्यावर चोक अर्धा ओढून बघावा. सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे जेट, कॉक किंवा रबर. आणखी बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त आहे, म्हणजे फिल्टर किंवा फ्लोट. एअर स्क्रूला हात लावायचाच असेल तर आधी तो पूर्ण आवळायला किती आटे लागतात ते मोजून लिहून ठेवावं. नाहीतर मूळ सेटिंग हरवतं.

कधी गॅरेजच गाठावं?

टॅपेट गार इंजिनवर, फिलर गेज लावूनच सेट करावे लागतात. सैल असले की टकटक वाजतात. घट्ट असले की आवाज येत नाही, पण गाडी गरम झाल्यावर सुरू व्हायला त्रास देते आणि व्हॉल्व्ह जळू शकतो. 'आवाज नाही म्हणजे टॅपेट चांगले' हा गैरसमज आहे. निळा धूर सतत निघत असेल आणि किक हलकी लागत असेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्यावं. ते कमी असेल तर कार्बोरेटर बदलून काहीही होणार नाही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर आरटीओत तपासणी होऊनच ती पाच वर्षांसाठी वाढते. एमएच-२० पासिंगच्या अनेक जुन्या गाड्या आता या टप्प्यावर आहेत. धूर आणि मिसिंग आधीच काढून घेतलं तर तिथला हेलपाटा वाचतो.

गॅरेजवर गेल्यावर नुसतं 'गाडी मिसिंग करते' असं सांगू नये. गार की गरम, हळू की वेगात, प्लगचा रंग कोणता हे सांगावं. एका वेळी एकच पार्ट बदलायला लावावा, गाडी दोन दिवस चालवून बघावी आणि काढलेला जुना पार्ट परत मागून घ्यावा.